डब्यातले शहाणपण

दिवाळीच्या दिवसांत डब्यांविषयी लिहिले, तर ते प्रसंगाला सोडून आहे असे कोणी म्हणणार नाही. घरोघरी चकलीचा, चिवड्याचा, अनारशांचा डबा भरलेला असतो, आणि तो झाकून ठेवण्यासाठी भरलेला नसतो हे लहान पोरालाही कळते. चार घरी ताटे जातात, चार घरची ताटे येतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यांचे तळ दिसू लागतात. एखाद्या बाईने पायलीभर फराळ करावा, तो कपाटात घालून कुलूप लावावे, आणि वर्षाने तो खवट झाला म्हणून उकिरड्यावर नेऊन टाकावा, तर तिला शेजारपाजारच्या बाया काय म्हणतील? सुगरण तर खचितच म्हणणार नाहीत.

मला ज्या डब्यांविषयी लिहायचे आहे ते फराळाचे नव्हेत. चित्रपटाच्या फिती पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवीत असत. पडद्यावर न आलेला चित्रपट ‘डब्यात गेला’ असे आपण म्हणतो. आपल्या देशाने आणि आपल्या राज्याने आपल्या मुलांसाठी, शेतकऱ्यांसाठी, लेकीसुनांसाठी, आपल्याच पैशाने, गेल्या पाऊणशे वर्षांत हजारोंनी अनुबोधपट तयार केले. त्यांतले किती तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर दिसले? कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या फराळाची आणि ह्या चित्रपटांची गत एकच झाली. फरक इतकाच की फराळ घरधनिणीच्या पैशाचा होता आणि हे चित्रपट तुमच्या आमच्या पैशाचे आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. गावचे सार्वजनिक वाचनालय वर्गणीदाराला जसे पुस्तक देते, तसाच त्याने शाळेला, बचत गटाला, शेतकरी मंडळाला, आणि मागितला तर भजनी मंडळालाही, शिक्षणाचा चित्रपट उसना द्यावा. तो लावण्याचे यंत्र द्यावे, पडदा द्यावा, रजिस्टरात नोंद करावी, आणि परत आला की पुढच्याला द्यावा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावी लागतात, हेच मुळी आपल्या सार्वजनिक जीवनाचे वैगुण्य आहे.

चित्रपट म्हणजे करमणूक, आणि करमणूक म्हणजे पोरे बिघडण्याची सोय, असे मानणारी मंडळी अजूनही कित्येक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांवर विराजमान आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी त्यांनी कॅमेरा रोखला तो राजावर नव्हे, वाटाण्यावर. कुंडीत वाटाणा लावून त्याची थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्रे त्यांनी टिपली, आणि ती सलग फिरवली तेव्हा दाणा फुटून रोप वर येताना डोळ्यांदेखत दिसू लागले. ‘अंकुराची वाढ’ हे त्या इवल्याशा पटाचे नाव. तो दाखवूनच त्यांनी पुढच्या उद्योगासाठी भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला. पुढे १९१७ च्या सुमाराला त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हेही पडद्यावरच समजावून सांगितले. म्हणजे आपल्या चित्रपटविद्येचा आद्यपुरुष आधी मास्तर झाला, मग नाटकवाला. ज्या विद्येचा श्रीगणेशा वनस्पतिशास्त्राच्या धड्याने झाला, तिला वाचनालयाच्या दारात चप्पल काढून उभे राहावे लागते, ह्याला काय म्हणावे?

मी मास्तरकी करतो. ताडकळससारख्या गावी भूगोल शिकवताना भरती-ओहोटी हा शब्द आला की मास्तरची खरी परीक्षा होते. आमच्या मुलांनी गोदावरीचा पूर पाहिलेला असतो. पाणी चढते आणि उतरते, एवढे त्यांना ठाऊक असते. पण आकाशातल्या चंद्राच्या ओढीने पाणी दिवसातून दोनदा चढावे, ही गोष्ट फळ्यावर खडूने काढलेल्या बाणांनी पटत नाही. मुले मान डोलावतात, ती मास्तरांना बरे वाटावे म्हणून. पाच मिनिटांचा एक चित्रपट, ज्यात एकच होडी सकाळी चिखलात कलंडलेली आणि दुपारी पाण्यावर डुलताना दिसते, तो माझ्या पाऊण तासाच्या घसाफोडीहून अधिक शिकवील. हृदयाची झडप, ज्वालामुखीचे तोंड, बर्फाचा डोंगर, फुलपाखराचा कोष ह्या सगळ्यांचे तसेच. पुस्तकाने हे होत नाही असे नाही. पण ज्याने वस्तू पाहिलीच नाही, त्याला शब्द पोकळ लागतो. डोळ्याने एकदा पाहिले की तोच शब्द भरून येतो.

हे सरकारला कळले नव्हते असे मुळीच नाही. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली, आणि तिने पुढच्या काळात आठ हजारांहून अधिक वार्तापट, माहितीपट आणि लघुपट काढले. ते मराठीसह अनेक भाषांत बोलत. १९५५ साली मुलांसाठी स्वतंत्र चित्रपट संस्था निघाली. १९५९ साली दिल्लीस दृक्-श्राव्य शिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि तिच्या पदरी एक मध्यवर्ती चित्रपट ग्रंथालय होते, जे शाळांना सोळा मिलिमीटरच्या फिती उसन्या देई. म्हणजे कल्पना होती, माणसे होती, पैसाही होता. मग अडले कोठे?

अडले ते वाटपापाशी. फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवणे सक्तीचे होते, आणि चित्रपटगृहाच्या मालकाला त्याचे भाडेही भरावे लागे. प्रेक्षक तिकीट काढून येई तो नायक-नायिकेसाठी. पडद्यावर धरणाचे बांधकाम दिसू लागले की तो बिडी ओढायला बाहेर जाई. ज्याला त्या पटाची खरी गरज, तो शेतकरी अशा गावी राही जेथे चित्रपटगृहच नव्हते. दिल्लीचे चित्रपट ग्रंथालय तर दिल्लीत. परभणी जिल्ह्यातल्या शाळेने अर्ज लिहावा, तो दिल्लीस जावा, फीत आगगाडीने यावी, आणि ती येईतो सहामाही परीक्षा होऊन जावी! शिवाय ती लावायची कशावर? प्रसिद्धी खात्याच्या गाड्या मात्र खेड्यांत येत. रात्री चावडीपुढे पडदा लागे आणि गाव लोटे. परंतु ती गाडी सरकारला जे सांगायचे असेल ते सांगून जाई. गावाला काय विचारायचे आहे, हे ऐकायला ती थांबत नसे. प्रसिद्धीची गाडी आणि ग्रंथालय ह्यांत हाच मूलभूत फरक आहे. गाडी देणाऱ्याच्या मर्जीने चालते, तर ग्रंथालय मागणाऱ्याच्या.

मग दूरचित्रवाणी आली. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा प्रसिद्ध प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी त्यात होती. आमच्या शेजारचा कर्नाटक होता, आंध्र होता, महाराष्ट्र नव्हता. त्या काळी दिल्लीला शिक्षणपटांचे काम पाहणाऱ्यांत विजया मुळे ह्या मराठी बाई होत्या. त्यांच्या लेखणीतून उतरलेला ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा छोटासा व्यंगचित्रपट आजच्या आईबापांपैकी कितीकांना ठाऊक आहे, हे घरात विचारून पाहा. सात-आठ मिनिटांचा तो पट. पण तो पुनःपुन्हा दाखवला गेला, म्हणून दोन पिढ्यांच्या मनात राहिला. शिक्षणाचा चित्रपट रूक्षच असतो आणि कोणी पाहत नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उत्तर पुरेसे आहे.

आपल्या राज्यात १९८४ साली पुण्यास शैक्षणिक तंत्रविज्ञानाची संस्था निघाली. तीच आपली बालचित्रवाणी. तिने मराठीत, आपल्या पाठ्यपुस्तकांना धरून, हजारो कार्यक्रम तयार केले. ते दूरदर्शनवरून शाळेच्या वेळी दिसत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक शाळांना रंगीत संच देण्याची योजनाही निघाली. मी विद्यार्थी असताना एका शाळेत असा संच पाहिला आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलपात, विणलेल्या रुमालाखाली तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसलेला असे. वर्षातून दोन-तीनदा त्याचे दर्शन घडे, आणि ते बहुधा क्रिकेटच्या सामन्याच्या निमित्ताने. त्यात मुख्याध्यापकांचाही सगळा दोष नव्हता. कार्यक्रम लागे साडेदहाला, वीज जाई दहाला, आणि विज्ञानाचा तास असे तीनला. तो कार्यक्रम हुकला तो हुकलाच.

प्रक्षेपण हे पावसासारखे आहे. तो त्याच्या वेळेला येतो. तुमचे शेत तयार असो की नसो, पडायचे तेथे पडतो आणि निघून जातो. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना पावसाच्या भरवशावर राहणे म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको. म्हणून तर शहाणा माणूस आड खणतो. पडलेले पाणी साठवावे आणि तहान लागेल तेव्हा पोहरा सोडावा. वाचनालय हा आड आहे. बालचित्रवाणीचा पाऊस तीसेक वर्षे पडला, पण गावोगाव आड कोणी खणला नाही. २०१७ साली सरकारने ती संस्थाच बंद केली. तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात जा आणि तिच्या एखाद्या कार्यक्रमाची प्रत शाळेसाठी उसनी मागून पाहा. मिळाली तर त्या ग्रंथपालाचा सत्कार करा, शाल माझ्याकडून.

आता कोणी म्हणेल, ग्रंथालयाने चित्रपट द्यावे ही कुठली नवलाई? ही नवलाई जगाला जुनी झाली. युनेस्कोने १९४९ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला, त्यात पुस्तकांच्या पंक्तीला नकाशे, चित्रे आणि चित्रपट बसवले होते. कॅनडात १९४२ पासून, युद्ध चालू असताना, प्रक्षेपक घेतलेला माणूस महिन्यातून एकदा खेड्यात येई, दुपारी शाळेत आणि रात्री सभागृहात खेळ करी, आणि पुढच्या गावी जाई. युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी आपली मंडळे काढली, आणि फिती ठेवण्याची जागा पुष्कळ ठिकाणी वाचनालयात केली. अमेरिकेत १९४८ च्या सुमाराला ओहायो आणि मिसूरी भागांतल्या लहान ग्रंथालयांनी एक मोठी गमतीची युक्ती काढली. एकट्याने सगळ्या फिती विकत घेणे कोणालाच परवडणारे नव्हते. तेव्हा सगळ्यांनी मिळून फिती घेतल्या, त्यांचे संच केले, आणि एक संच महिनाभर एका ग्रंथालयात, मग पुढच्यात, असा फिरता ठेवला. सुरुवातीला एका दानसंस्थेने हातभार लावला, पुढे वर्गणीवर चालले. आपल्या बायकांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. त्या तिला भिशी म्हणतात, आणि ओहायोवाल्यांना शिकवतील इतकी ती चोख चालवतात.

आणि आपल्याच देशात काय? १९५१ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन केले. युनेस्को आणि भारत सरकार ह्यांचा तो आदर्श प्रयोग होता. त्या ग्रंथालयात पुस्तकांच्या जोडीला चित्रपट दाखवीत, चर्चामंडळे चालत, नाटके होत. नुकत्या साक्षर झालेल्या माणसाला पुस्तकाच्या दारापर्यंत आणायचे, तर आधी त्याच्या डोळ्याकानांना हाक घातली पाहिजे, हे त्या लोकांना उमगले होते. त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे लोटली, तरी आदर्श प्रयोग आदर्शच राहिला. आपल्याकडे आदर्शाला हार घालतात. त्याच्या वाटेने चालणे हा निराळा विषय.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना ह्यात विशेष लाज वाटली पाहिजे, आणि थोडा अभिमानही. निजामी अमदानीत साधी सभा घ्यायची तर परवानगी लागे. अशा काळात वाचनालय ही चार माणसांनी एकत्र बसण्याची जागा होती. परभणीच्या गणेश वाचनालयासारखी जुनी वाचनालये त्या काळाची साक्ष देत उभी आहेत. हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा व्हायला १९६७ साल उजाडले. तमिळनाडूने आणि कर्नाटकाने ग्रंथालयांसाठी कर बसवला. आपण ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा बसवली. आज राज्यात शासनमान्य ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. एवढे मोठे जाळे हाताशी असताना मास्तरने भरती-ओहोटी खडूने काढीत बसावे, ही गोष्ट मला पटत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप खिशात असतो. लोक म्हणतात, ‘मास्तर, आता प्रत्येकाच्या खिशात चित्रपटगृह आहे. हवे ते बघा, हवे तेव्हा बघा. तुमच्या वाचनालयाचा हा जुना डबा घेऊन काय करायचे?’ वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते. पण खिशातले हे चित्रपटगृह कोणाचे आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. तेथे काय दाखवायचे ते तुम्ही ठरवीत नाही. पोराने हृदयाचे कार्य शोधायला सुरुवात करावी, आणि चौथ्या मिनिटाला त्याने नाचगाण्यात किंवा मारामारीत सापडावे, हे घरोघरचे दृश्य आहे. कारण त्या दुकानदाराचा नफा तुम्ही शहाणे होण्यात नाही, तुम्ही बसून राहण्यात आहे. ग्रंथपालाला असा नफा नसतो. तो चार पुस्तके चाळून त्यांतले एक तुमच्या हाती देतो. निवडून देणे हेच त्याचे काम आहे. ज्या बाजारात सगळेच फुकट पसरलेले असते, तेथे निवडून देणाऱ्याची गरज अधिक असते.

शिवाय फोन एकट्याने पाहायचा असतो, आणि घरात तो सगळ्यांचा नसतो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हे उघडे पडले. घरात फोन एक, पोरे तीन, आणि फोन बापाच्या खिशात रानात गेलेला. सासूच्या आणि सुनेच्या वाट्याला तो कधी येतो, हे मी सांगायला नको. वाचनालयाच्या पडद्यापुढे मात्र सून बसते, सासू बसते, पोरगी बसते. आणि दिवा लागल्यावर जे बोलणे होते, ते चित्रपटाइतकेच मोलाचे असते. ‘आमच्याकडे असे होत नाही’ म्हणून एक उठतो, ‘मी करून पाहिले’ म्हणून दुसरी सांगते, आणि पडद्यावरची गोष्ट गावची होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते वर्ष काही फोनपूर्व काळातले नव्हते. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, तोंड-नाक झाकावे, हातमोजे घालावे, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, ही माहितीही जगात होती. चित्रपट दाखवला असता तर सगळे वाचले असते, असे मी म्हणणार नाही. विकणाऱ्यांचा आणि देखरेख ठेवणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे, आणि तो त्यांनी दिला पाहिजे. पण फवारणीच्या आदल्या आठवड्यात गावच्या वाचनालयात मजुरांसह सगळ्यांना बसवून दहा मिनिटांचा एक पट दाखवण्याची सोय आपण केली आहे काय? अक्षर न ओळखणाऱ्या मजुराला औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचता येत नाही. त्याला पडद्यावरचा माणूस तोंडाला फडके बांधताना दिसतो. हा फरक जिवाचा आहे.

उलट बाजूचा दाखला हवा असेल तर तोही आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनची पाणलोटाची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली. पाणी कसे अडवावे, चर कसा खणावा, हे शिकवण्यासाठी त्या मंडळींनी चित्रपटांचा मुक्त हस्ताने उपयोग केला, आणि लोकांनी ते पाहून फावडी हाती घेतली. गावकरी एकत्र बसून पाहतात आणि पाहिलेले करतातही, ह्याला आणखी पुरावा कशाला?

दुसरा आक्षेप विद्वानांचा. चित्रपट आला की वाचन बुडेल! मला ह्या भीतीचे हसू येते. ह्याच मराठी मुलखात शेकडो वर्षे कीर्तन चालले, भारुड चालले. त्याने पोथी बुडाली काय? आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग बहुतेकांनी आधी ऐकले, मग कधीतरी वाचले. ऐकणाऱ्यांतूनच वाचणारे निघतात. मधमाश्यांचा पट पाहिलेले पोर दुसऱ्या दिवशी मधमाश्यांविषयी प्रश्न घेऊन येते. त्या क्षणी त्याच्या हाती पुस्तक पडले पाहिजे, आणि ते जेथे पडू शकते अशी जागा एकच आहे. म्हणूनच चित्रपट वाचनालयात हवा, दुसरीकडे नको. एका फळीवर पट आणि शेजारच्या फळीवर त्याच विषयाची चार पुस्तके, अशी मांडणी करून पाहा. वाचन बुडते की तरते ते वर्षभरात कळेल.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. गावच्या ग्रंथपालाला मिळते ते वेतन सांगायची लाज वाटावी असे असते. अनेक वर्षे ओरड झाल्यावर २०२२ साली सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्क्यांनी वाढ केली. ती पुरेशी आहे असे कोणताही ग्रंथपाल म्हणणार नाही. परंतु मी प्रत्येक गावात यंत्र मागत नाही. तालुक्याला दोन-तीन प्रक्षेपक आणि पटांचे पाच-सहा संच, आणि ते महिन्यामहिन्याने गावोगाव फिरते. पूर्वी फितींचे ओझे होते. आज शेकडो पट तळहातावर मावणाऱ्या पेटीत राहतात आणि प्रक्षेपक पिशवीत जातो. एसटीच्या बाकावर ठेवून ताडकळसहून पालमला नेता येईल असे हे ‘ग्रंथालय’ आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाने १९७२ पासून देशभरच्या ग्रंथालयांना मदत केली, दूरदर्शन संच आणि व्हीसीपी घेण्यासाठीही मदतीची योजना काढली. पण पेटी मिळाली तरी तिच्यात घालायचे काय, ह्याची व्यवस्था कोणी करायची? चूल दिली आणि शिधा दिला नाही, तर घर जेवत नाही.

चौथा आक्षेप असा, की निवड कोण करणार? पडद्यावरून कोणाचा तरी प्रचार सुरू होईल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून तर हे काम कोणत्याही खात्याच्या गाडीकडे न देता ग्रंथालयाकडे द्यावे. ग्रंथालयाच्या कपाटात गांधी असतात, सावरकर असतात, आंबेडकर असतात, आणि कोणाला काय द्यायचे ते मागणाऱ्यावरून ठरते. एक शिक्षक, एक डॉक्टर, एक शेतकरी, बचत गटातली एक बाई आणि ग्रंथपाल, अशा पाच जणांनी पट आधी पाहावेत, यादी करावी, आणि ती दारावर लावावी. ज्याला यादी आवडली नाही त्याने वार्षिक सभेत येऊन भांडावे. भांडण झाले तर उत्तमच, वार्षिक सभेला कोरम तरी भरेल.

राहिला कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शाळेला एक सवलत दिली आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसे एवढ्यांनाच दाखवायचा असेल, तर चित्रपट दाखवता येतो. पण बचत गटाला आणि शेतकरी मंडळाला ही सवलत नाही. म्हणजे पोराला दाखवलेले चालते, ते आईला शाळेच्या पटांगणात चालते, आणि तोच पट तिने तिच्या गटाच्या बैठकीत लावला तर परवानगी शोधा! खाजगी निर्मात्याच्या हक्काला माझा विरोध नाही, त्याने घाम गाळला आहे. पण जे पट लोकांच्या करातून निघाले, त्यांना ही आडकाठी का असावी? सरकारी पैशाने काढलेला प्रत्येक शैक्षणिक पट सार्वजनिक ग्रंथालयाला विनामूल्य दाखवता आणि उसना देता येईल, असे एका ओळीचे फर्मान निघाले पाहिजे.

मागण्या मोठ्या नाहीत. बालचित्रवाणीचे जे काही आहे त्याची यादी छापून ग्रंथालय संचालनालयाकडे द्यावी, आणि प्रती तालुका ग्रंथालयांत पोचवाव्यात. फिल्म्स डिव्हिजनचा कारभार २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. त्या महामंडळाने मराठी आवाजातले पट निवडून राज्याला द्यावेत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आमच्या उशाशी आहे. त्याने पेरणीपूर्वी आणि फवारणीपूर्वी दाखवायचे पट आमच्या ग्रंथालयांत ठेवावेत, म्हणजे विद्यापीठ बांधापर्यंत आल्यासारखे होईल.

आणि सरकार हलेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे मिनिट-दोन मिनिटांचे कितीतरी पट पुण्याहून तयार करून जगाला फुकट वाटले, त्यांत मराठीही आहेत. आरंभाला तेवढे पुरे. हव्या त्या एका भिंतीला चुना लावावा, की पडदा तयार.

सुटीत मुले घरी आहेत. किल्ले बांधून झाले, फटाके उडवून झाले, की त्यांना घेऊन गावच्या वाचनालयात जा आणि ग्रंथपालाला विचारा, ‘आमच्या शाळेला दाखवायला एखादा पट आहे काय?’ ‘नाही’ असे उत्तर येईल. येऊ द्या. टेबलावर सूचनांची वही असते, बहुधा कोरी. तिच्यात तारीख घालून ती मागणी लिहा, खाली सही करा, आणि पोरांनाही सही करू द्या. पुस्तक मागणारा कोणी नव्हता तोवर गावात वाचनालयही नव्हते.